बासष्ट अंश

"तापत नाही असं नाही," लेइदाबाई म्हणाल्या,
"तापतं. पण आपल्या मर्जीने."
मी फरशीवर पालथा, टॉर्च दातांत.
बाहेर राक्वेरेचा फेब्रुवारी, उणे अठरा.

आधी गाळणी काढली:
शेपूची काडी, हेरिंगचा काटा,
कुणा नातवाचा पिवळा ठोकळा.
यांच्यावर आळ घेता येईना.

मग हीटर. दोन वेटोळी.
एकावर मीटरने आकडा दाखवला,
दुसऱ्यावर नुसती रेघ.
आणि दोन्हींवर चुनखडी, नखाएवढी जाड.
इथलं पाणी दगडातून येतं,
येताना थोडा दगड घेऊनच येतं.

अर्ध्या जिवावर राबत होतं यंत्र.
पाणी साठ अंश गाठेपर्यंत
पुढचं पाऊल टाकायचं नाही, एवढंच त्याला ठाऊक,
म्हणून दोन तासांची भांडी पहाटेपर्यंत.

"कधीपासून?"
"सहा जोड हातमोजे झाले विणून."

नवा हीटर बसवला.
एकोणीस मिनिटांत बासष्ट अंश.
मी आकडा मोठ्याने वाचला,
त्यांनी मान डोलावली, उगाच.

तेव्हा दिसली ती खुर्ची,
पाठ यंत्राला टेकवून ठेवलेली,
वर उशी, सुया, सातव्या जोडीचा अंगठा.
"रात्री घुमायचं ते," त्या म्हणाल्या. "पाठीला बरं वाटायचं."

मी पावती लिहीत राहिलो.
"जुना हीटर नेणार?"
"भंगारात."
"असू दे. ठेवा इथेच."

व्हॅन सुरू केली. काच साफ व्हायला वेळ लागणार होता.
घाई केली नाही.