शिक्का

मिरजेच्या स्टँडवर जतची गाडी लागते सव्वानऊला,
लागली तर.
मला शहात्तरावं चालू आहे, तिकीट शून्य रुपयांचं.
तरी कंडक्टरीणबाई मशीनमधून चिठोरं काढून देतात
आणि मी ते घड्याळाच्या पट्ट्यात खोचतो,
दुमडून, नंबर वर येईल असं.
एकतीस वर्षं लोकांना हेच सांगत आलो:
तिकीट हातात ठेवा, उतरेपर्यंत.

लाइन चेकिंगला होतो मी. आदगोंडा मगदूम.
कवठेमहांकाळच्या अलीकडे बाभळीआड जीप लावून
आम्ही तिघं उभे राहायचो.
मी दारात. दार आधी धरायचं, माणसं मग.
कुणी झोपेचं सोंग घ्यायचा,
कुणी सात वर्षांचं पोर मांडीवर ओढून
त्याचे लांब पाय लुगड्याखाली सारायची.
एक म्हातारा म्हणाला, तिकीट शेळीनं खाल्लं.
शेळी खरंच होती पायाशी, रवंथ करत.
त्याला सोडला. हसू आलं म्हणून सोडला,
नियमात नव्हतं ते.

थोरली सुवर्णा बर्लिनला असते. तीन महिने राहून आलो.
तिथं कंडक्टर नाही, फाटक नाही, घंटीची दोरी नाही.
जावयाला विचारलं, मग तिकीट काढतंय कोण?
काढतात आप्पा, म्हणाला. न काढणारेही असतात.
पॅरिसात म्हणे फाटकावरून उड्या मारतात,
चांगली इस्त्रीची कापडं घातलेली माणसं,
आणि लक्झेंबर्ग नावाच्या टीचभर देशात
तिकीटच नाही कुणाला.
त्या रात्री मला झोप नाही.
तिकीटच नाही तर चोर कोण,
नि मी कोण?

एका गुरुवारी एकटाच निघालो.
मशीनमध्ये नाणी टाकली, तिकीट घेतलं, पट्ट्यात खोचलं.
दोन स्टेशनांनंतर एक पोरगी उठली,
नाकात बारीक रिंग, पाठीला दप्तर,
आणि आधी जाऊन दारात उभी राहिली.
तेवढ्यावरून ओळखलं मी. खरं सांगतो,
मनात म्हणालो, शाबास.

तिनं माझं तिकीट उलटंपालटं केलं. शिक्का नव्हता.
फलाटावरच्या डब्यात घालून
तो आपला आपणच मारायचा असतो.
कंडक्टर नाही म्हणजे कंडक्टर आपणच,
हे मला कुणी बोललं नव्हतं.
साठ युरो.
मराठीतच म्हणालो, बाई, विकत घेतलंय की, हे बघा.
ती काय बोलली ते कळलं नाही, सूर कळला.
सूर माझाच होता:
सगळे असंच म्हणतात.

शिरढोणच्या फाट्यावर एक पोरगं उतरवलं होतं मी.
दहावीचं असेल, हातात कंपासपेटी.
म्हणत होतं, काढलं होतं साहेब, खिडकीतून उडालं.
कंडक्टर बिरू कोळेकर मान खाली घालून
मोजलेलेच पैसे परत मोजत होता.
बिरूची बॅग तपासायला हवी होती.
तपासली नाही. आदल्या आठवड्यात
त्याच्या घरी मयत झाली होती.
गाडी सुटली. पोरानं शिवी दिली नाही,
हात केला नाही.
रस्त्यावर वाकून
काहीतरी शोधायला लागलं.

पावती सुवर्णानं मागितली, मी दिली नाही.
पाकिटात आहे, जुन्या बिल्ल्याशेजारी.

आज शिरढोणला दोन बाया चढल्या, एक दुधाची किटली.
चेकिंग कुणी आलं नाही.
मी तिकीट काढून पाहिलं. शाई उडत चाललीये,
शून्य तेवढं दिसतंय.
बाई, म्हटलं, ह्याच्यावर एक शिक्का मारता का?
आता शिक्का नसतो आजोबा, त्या म्हणाल्या, बसा खाली,
गाडी हलतीये.
बसलो. खिडकीतून बघत राहिलो.
फाट्यावर कागद पुष्कळ पडलेले असतात,
कशाकशाचे.