दहा ग्रॅम

रविवारी पाळकसाहेब न्यायाच्या दिवसावर बोलले.
लाइट गेलेली. मे महिन्यातलं सोलापूर
खिडकीतून आत वाकून ऐकत होतं.
मागच्या बाकावर कुणीतरी पेंगलं.
मी नाही पेंगलो.
माझा अंगठा घामानं भिजला होता.

तो दिवस येईल का, हा प्रश्न मला पडत नाही.
मे महिन्यात ऊन पडेल का,
असं आमच्या गावात कुणी विचारतं का?

एकतीस वर्षं मी विडी कारखान्यात काट्यावर होतो.
सकाळी सातला बायांची रांग,
काखेत सूप, तोंडात तेलुगू,
कडेवर एखादं शेंबडं पोर.
हजार विड्यांची पानं आणि तंबाखू
मोजून द्यायचा, एवढंच काम.
पहिल्याच आठवड्यात मालकानं शिकवलं:
तीमथ्या, अंगठा पारड्याच्या कडेला,
हलकेच,
बाळाच्या टाळूवर ठेवतात तसा.

दहा ग्रॅम.
मूठसुद्धा भरत नाही.
पण हजारात पन्नास विड्या कमी पडायच्या,
आणि भूदेवी येमूल पदरच्या पैशानं
चौकातून तंबाखू आणून हजार पुरे करायची.
वर पुन्हा छाट निघायचीच.

संध्याकाळी मी हात धुऊन उपासनेला जायचो.
दानाची थैली माझ्याकडेच असायची.
नाणं पडलं की आवाजावरून सांगायचो
चाराणे की आठाणे.
मंडळीत माझ्या हिशेबाला नाव होतं.

मग इलेक्ट्रॉनिक काटा आला, लाल आकड्यांचा.
अंगठ्याला जागा उरली नाही.
मी रिटायर झालो. शाल मिळाली, नारळ मिळाला.

गेल्या महिन्यात वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं.
रोजचे दहा, वर्षाचे तीनशे दिवस,
भूदेवीची वीस वर्षं:
साठ किलो.
एका धडधाकट माणसाचं वजन.
रांगेत अशा साठ जणी होत्या.
पुढचा गुणाकार केला नाही.

पाकिटात पैसे घालून विडी घरकुलात गेलो.
उंबऱ्यात बसली होती. डोळ्यांत पांढरं आलेलं,
बोटं मात्र चालूच,
पान नाही, दोरा नाही, नुसती हवा वळत होती.
कोण?
काट्यावरचा.
हसली. म्हणाली,
तू चांगला होतास रे बाबा,
बाकीचे शिव्या घालायचे.

मला वाटलं होतं, ती थुंकेल.
त्याची तयारी करून गेलो होतो.

पाकीट सुपाखाली सरकवलं आणि निघालो.
कसं कळलं तिला कोण जाणे, मागून हाक आली:
तुझं काही राहिलं का रे इथं?

तिला आठवत नाही.
मालक वारला. जुना काटा भंगारात गेला.
साक्षीदार आता एकच,
आणि तो काही विसरायचा नाही.
नवल म्हणजे, याचाच मला आधार वाटतो.
नाहीतर ते साठ किलो कुठे गेले असते?
कुणाच्या खात्यावर लागले असते
ते पहाटेचे वळलेले पन्नास पन्नास?

आगीचं मला सांगू नका,
चव्वेचाळीस डिग्रीत जन्म गेला.
भीती आहे ती रांगेची.
त्या दिवशीही रांग असेल.
साठ जणी पुढे, मी शेवटी, काखेत रिकामं सूप.
आणि काट्यावर असेल त्याचा हात मी ओळखतो,
तळव्यात खिळ्याची जागा आहे.
अंगठा पारड्यापासून लांब.

पाळकसाहेब म्हणतात, जो तोलणार
तोच आपल्या बाजूनं उभा राहणार.
मानतो मी. रोज रात्री तेवढंच उशाला घेऊन झोपतो.
पण त्यानं माझ्याकडे वळायच्या आधी
भूदेवीचं माप होऊ दे.
सावकाश.
काटा थरथरायचा थांबू दे.