एकाच बाजूला फिरणारं कडं

पोथियाच्या धक्क्यावर, स्पंजांच्या दुकानामागे
माझं टेबल. शिलाई मशीनएवढं लेथ, बापाचं;
एक दिवा; डोळ्यात धरायचं भिंग;
आणि थेमेलीनाबाईंनी रुमालातून आणलेलं घड्याळ.
काच शाबूत, काटे शाबूत.
तबकडीभोवतीचं फिरतं कडं तेवढं नव्हतं,
त्यामुळे ते बोळक्या तोंडानं बघत होतं माझ्याकडे.

"कुठे पडलं?"
"पडलं नाही."
एवढंच. मग, "होतं तसं करून दे."

कारखाना बंद पडून चाळीस वर्षं झाली.
सुटं कडं मिळत नाही, मिळालंच तर त्या पैशांत
एक होडी येईल, वल्ह्यांसकट.
पितळेची चकती लेथवर चढवली.
बाहेरून अडतीस मिलिमीटर, आतून एकतीस,
त्यापुढचा हिशेब आकड्यांत नसतो, बोटांत असतो.
अर्ध्या केसानं जास्त कातलं तर खुळखुळतं,
अर्ध्या केसानं कमी, तर बसतच नाही.
पहिलं कडं वाया गेलं.
दुसरं मी घालवलं; कोसच्या बोटीनं भोंगा दिला
आणि मी खिडकीकडे बघितलं.
तिसऱ्याच्या कडेला एकशेवीस दाते,
एकेक, तिधारी कानशीनं, तोंडानं मोजत.
सत्त्याण्णवला शिंक आली.
कानस खाली ठेवली. शिंकलो. पुन्हा सत्त्याण्णव.

मग रेघा. पहिल्या वीस मिनिटांना प्रत्येकी एक,
पुढे पाचापाचांनी; पाण्याखाली
जे ठरायचं ते पहिल्या विसांतच ठरतं.
रेघांत काळं लाख भरलं, वरवरचं अंगठ्यानं पुसलं.
अंगठा आठवडाभर काळा राहिला, पावात मीठ भुरभुरतानाही.

मीकेस माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा.
त्याचं कडं दोन्ही बाजूंना फिरायचं, तेव्हा तशीच असत.
बेनगाझीच्या समोर, खोल, मनगट खडकाला घासलं,
कडं सरकलं दहा मिनिटं पुढे.
घड्याळानं दहा मिनिटं उधार दिली.
समुद्रानं ती वर यायच्या आत वसूल केली,
गुडघ्यांतून, कमरेतून.

त्यानंतर एकतीस वर्षं काठी.
आमच्या बेटावर एक नाच आहे, त्यात पुढचा माणूस
पाय लटपटवतो, पाणबुड्यांसाठी.
लग्नात तो नाच सुरू झाला की
मीकेस खुर्चीतून टाळ्या द्यायचा, सगळ्यांत मोठ्यानं.
आणि संध्याकाळी, दोरखंडांच्या वेटोळ्यावर बसून
कडं मागे-पुढे, मागे-पुढे करायचा,
जणू तिजोरीचा आकडा विसरला होता.

"घालणार कोण आता?"
"नातू. पाहुण्यांना बुड्या मारायला नेतो."

मी मान हलवली, जशी सगळ्यांसमोर हलवतो.
रात्री दार लावून कड्याच्या पोटात
पोलादाची एक पट्टी बसवली, नखाच्या कडेएवढी,
टोकाशी वाकवलेली. आता ते फिरतं,
पण फक्त उलटं. धक्का लागलाच
तर वेळ संपली म्हणून सांगेल, संपायच्या आधी.
उरली म्हणून कधीच नाही.
खोटं बोलायचंच झालं तर या बाजूचं बोल,
मी त्याला बजावलं, आणि दिवा मालवला.

शनिवारी बाई आल्या. चष्मा लावला.
कडं फिरवलं: टिक, टिक, टिक.
दुसऱ्या बाजूला फिरवलं. फिरेना.
पुन्हा जोर लावला. अंगठ्याचं नख पांढरं झालं.
बाहेर कुणीतरी ऑक्टोपस दगडावर आपटत होतं,
मी ते आपटणं मोजत राहिलो.

"हे त्याचं नाही," त्या म्हणाल्या.
मी लेथवरचा कीस झटकू लागलो.
घड्याळ त्यांनी कानाला लावलं, चावी दिली,
परत लावलं.
"पोराचं आहे."

मग नोटा टेबलावर मोजल्या, एकेक, ओल्या बोटानं.
दहा युरो कमी होते.
"विचारलं नाहीस म्हणून," असं म्हणून
रुमालाला दोन गाठी मारल्या
आणि उन्हात निघून गेल्या.