चुन्याच्या सात रेघा

आधी नाक गेलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.
कोसा उकळायला ठेवला की सारं आंधळगाव नाक दाबायचं,
बाबा मात्र त्याच चुलीपुढे निवांत भाकर खायचे.
"तुले वास येते का वं?" विचारायचे.
मी म्हणायची, तुमचं नाक मेलं, बाबा.
हसायचो दोघं. तेव्हा ते हसायचे.

मग उजवा अंगठा तर्जनीवर फिरू लागला,
तुटलेल्या धाग्याला गाठ मारण्याआधी
पीळ देतात तसा.
बोटांत धागा नव्हता.

शेजारची निपानेकाकू म्हणाली, वारं आहे.
मामा म्हणाला, लपून घेत असंल.
बाबांनी जन्मात थेंब घेतला नव्हता,
पण थरथरणाऱ्या माणसाला साक्षीदार मिळत नाही.
कोणीतरी मनगटाला काळा दोरा बांधला.
मग दोराही थरथरला.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी मशीन लावलंच नाही.
म्हणाल्या, चिमटीची उघडझाप करा.
दारापर्यंत चालून या.
नाव लिहा.
सुकराम बळीराम हेडाऊ.
'सु' हरभऱ्याएवढा,
'ऊ' खसखशीएवढा.
कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या,
बघ, त्यांनीच लिहून दिलंय.

बाईंचं बोलणं मी मोहाडी येईस्तोवर बसमध्ये घोकत होते:
डोक्यात खोल एक काळसर जागा असते,
तिथे एक रस पाझरतो,
त्याच्यावर आपला हात, पाय, पापणी
धोट्यासारखी सरकते.
तो आटत चाललाय.
का, ते त्यांनाही पुरतं ठाऊक नाही.
गोळीनं रस मिळतो, झरा मिळत नाही.
बरे होतील का, मी विचारलं होतं.
वेळ मिळेल, त्या म्हणाल्या. चांगला वेळ.

सहाची गोळी, अकराची, चारची, रात्री नऊची.
जेवणाच्या तासभर आधी.
वरणासोबत घेतली तर वरण पुढे निघून जातं,
गोळी मागे राहते.
पावणेसातला बाबा येतात.
दहाच्या सुमारास जाऊ लागतात.
आले, गेले, आम्ही असंच बोलतो,
माणूस त्याच खाटेवर बसलेला असतो.
मधेच कधी गोळी अंगाबाहेर सांडते,
खांदे, मान, कंबर झुलू लागतात,
पोरं ओरडतात, आजा नाचते!
"नाचू दे," बाबा म्हणतात,
"थिजण्यापरीस बरं."

उंबरठा चार बोटं उंच.
त्याच्या अलीकडे पाय खुंट्यासारखे रोवले जातात,
वरचा देह पुढे, खालचा तिथेच.
आई हात धरून ओढायची.
आईचं ओढणं आणि त्यांचं न जाणं, दोन्ही बघवत नसे.
ओढू नका, बाई म्हणाल्या होत्या,
पायाला ओलांडायला काहीतरी द्या.

मी चुना कालवला,
ओसरीपासून मागापर्यंत सात रेघा ओढल्या.
बाबा पहिलीशी थांबले.
मी बोलले काहीच नाही,
जीभ टाळूला लावून आवाज काढला,
खट्‌.
खट्‌.
पाय उचलला.
दुसरा.

मागाच्या खड्ड्यात उतरल्यावर
पावड्यांवरचे पाय असे धावले
जसं त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं.
हात मागे पडले. काठ वाकडा गेला.
सकाळभरात एक वीत कापड,
व्यापारी घेणार नाही असं.
आईनं ते घडी करून डब्यात ठेवलं,
तांदळाच्या वर.

शुक्रवारी आई सारवते, रेघा पुसल्या जातात.
मी पुन्हा ओढते.
परवा घाईत आठ झाल्या.
बाबा शेवटच्या रेघेवर उभे राहून म्हणाले,
"एक जास्त झाली वं."
आणि ओठाचा डावा कोपरा
किंचित वर गेला.

मी घड्याळ बघितलं.
दहा वाजून पस्तीस.