कडूचा पत्ता

ऑफिसच्या फडताळात कॅन साचत जातात.
कुठून कुठून येतात, सोबत चिठ्ठी:
तुमच्या हॉप्सचं आम्ही काय केलं ते बघा.
साहेब एखादा उघडतो, हुंगतो,
घोटभर घेतो, बेसिनमध्ये ओततो.
शुक्रवारी विचारलं, उरलेले नेऊ का?
ने, म्हणाला, धूळच खातायत.

एव्हारिस्तोमामा अंगणात,
पाय मिठाच्या कोमट पाण्यात,
हात कोपरापर्यंत चिकट पिवळे.
याकिमाच्या खोऱ्यात
हंगामाचा एकोणतिसावा दिवस.

तीस वर्षं तो मे महिन्यात गुडघ्यांवर चालतो,
एका दोराला तीन कोंब
घड्याळाच्या काट्यासारखे फिरवत.
उलटे फिरवले
तर वेल रातोरात स्वतःला सोडवून घेते.
आणि तीस वर्षं पितो
दुकानातली सर्वांत स्वस्त,
बर्फात बुडवलेली, बेचव बिअर.
चव कशाला, तहान भागली की झालं.

पहिला कॅन ओसाकाचा, वर झोपलेला कोल्हा.
एक घोट, आणि मामाचं तोंड एवढंसं.
इत्सेल, हे औषध आहे. कुणाला काय झालंय?
आत मामीच्या हातातलं झाकण पडलं हसताना.

पण कडू गेलं नाही.
जिभेच्या मुळाशी बसून राहिलं,
निघतो निघतो म्हणत
पाहुणा उंबऱ्यात रेंगाळतो तसं.
दुसरा घोट.
थांब, म्हणाला,
ही भट्टी नंबर दोन,
पहाटे दार उघडल्यावरची
पहिली वाफ.

पोर्तो आलेग्रेची गढूळ, आमरसासारखी.
मी वाचून दाखवलं: पपनस, अननस, पिकला आंबा.
पपनस कबूल, म्हणाला.
कांद्याचं का नाही लिहिलं?
बोंडं चार दिवस उशिरा काढली की
कांदा येतोच नाकात.
त्या वर्षी यंत्राचा पट्टा तुटला होता,
विचार हेर्मिलोला.

बर्गनच्या कॅनवर काहीच बोलला नाही.
अर्धा मला दिला.

मग तार्तूचा.
लेबलवर बारीक अक्षरांत:
दूरवरच्या शेकोटीची हलकी छटा.

त्यानं घोट घेतला
आणि कॅन गुडघ्यावर टेकवला.
शेकोटी.
त्या सप्टेंबरात डोंगर अकरा दिवस जळत होते.
सूर्य घासलेल्या तांब्याच्या पैशाएवढा,
नाकातोंडाला ओले रुमाल, वर राखेची भुरभुर,
आणि मालक म्हणत होता, बोंडं थांबत नाहीत.
हेर्मिलो तेव्हापासून खोकतोय.
छटा, म्हणाला मामा,
आणि असा हसला
की टबातलं पाणी फरशीवर सांडलं.

मला वाटलं ओतून देईल.
त्यानं तो सगळा प्यायला, सावकाश,
एकेक घोट तोंडात धरून,
जुनी पावती नीट वाचावी तसा.

कुठंय हे तार्तू?
मी फोनवर नकाशा ताणून दाखवला.
अठरा फुटांचा एक दोर धर, म्हणाला,
किती दोर लागतील?
मी भागाकार केला. चौदा लाखांच्या वर.
हात्तिच्या, म्हणाला,
तेवढे आमची टोळी दोन वसंतांत बांधते.

मग बराच वेळ गप्प.
अंधार पडला, पाणी गार झालं.
दोर श्रीलंकेतून येतो, म्हणाला,
गठ्ठ्यावर लिहिलेलं असतं. नारळाचा काथ्या.
ते वळणाऱ्यांना
कुणी पाठवतं का कॅन?

मी चिठ्ठ्या पुन्हा चाळल्या, उगाचच.

शेवटचा त्यानं उघडला नाही.
फ्रिजमध्ये, स्वस्त बिअरच्या मागे,
लेबल भिंतीकडे करून ठेवला.
मामी दोनदा म्हणाली, जागा अडते.
अजून तिथेच आहे.