वेलांटी

पहाटे साडेतीनला फोन आला.
मी गिझर चालू केला, परत बंद केला.
मयताला निघताना अंघोळ करायची असते की नसते,
हे ज्याला विचारायचं तोच गेला होता.

कोल्हापूर स्टँडवर बेळगावची गाडी.
पाटीवरचं कानडी मला वाचता येत नाही,
वळणं मात्र ओळखीची.
एका मे महिन्यात मामानं चुन्यात ब्रश बुडवून
गोठ्याच्या भिंतीवर काढून दाखवली होती:
"ही जिलेबी नव्हे रे. ही मांडी घालून बसलेली बाई.
पदर तेवढा वर घ्यायचा."

कोगनोळीचा नाका गेला तसा
खिशात मोबाइल थरथरला. नवं राज्य, स्वागत वगैरे.
"एल्लिगे?" कंडक्टर म्हणाला.
"काकती." हे नाव दोन्हीकडे एकच.

तवंदीच्या घाटात धुकं इतकं
की ड्रायव्हर हात बाहेर काढून फडक्यानं काच पुसायचा.
पुढं उसाची ट्रॉली, मागचा दिवा नाही,
मोळ्यांवर घोंगडं पांघरून कुणीतरी झोपलेलं.
अर्धा तास आम्ही त्या झोपलेल्या माणसाच्या मागून चाललो.

शेजारच्या इरकलवाल्या म्हातारीनं
माझा चेहरा बघून विचारलं, "यार्री?"
"मामा," मी म्हणालो.
"मावा," ती म्हणाली, मान हलवली,
आणि शालीचं एक टोक माझ्या गुडघ्यावर टाकलं.

संकेश्वरला मळीचा वास. उजाडत होतं.
रस्त्याकडेचे फलक एकेक धुक्यातून वर येऊ लागले
आणि मी मामाचा हात शोधू लागलो.
पंक्चर. रेशीम कापड दुकान. येथे जुने टायर मिळतील.
कानडी वर, मराठी खाली, एकाच माणसाची
लफ्फेदार शेपटी दोन्हींना.
कधी कुणी रात्रीत डांबर फासायचं,
आठवड्यानं मामाला बोलावणं यायचं.
"एका पाटीची दोनदा मजुरी," म्हणायचा,
"भांडा बाबांनो, भांडा."
पुढं फ्लेक्स आले. भांडणही छापील झालं.
त्याच्याकडे उरला चौकातला काळा फळा,
गावात कोण गेलं ते लिहायचा.
त्याचे पैसे त्यानं कधी घेतले नाहीत.

हत्तरगी टोलवर पुन्हा फोन. मामी नव्हे, शेजारचा भैरू.
"कुठवर आलास? वाट बघूलालेत सगळी.
नऊच्या आत उचलायचं म्हणूलालेत."
काकतीला उतरलो, कडोलीपर्यंत मिळाली ती दुधाची रिक्षा.
रिकामे कॅन एकमेकांवर आपटत होते,
कानटोपीतून वारा घुसत होता,
आणि रडू येत नव्हतं, शिंका येत होत्या.

चौकात शेकोटीभोवती माणसं. फळा पिंपळाखाली.
आज लिहिणारा नातू श्रेयस,
कानडी शाळेत आठवीला.
वेळ बरोबर, तारीख बरोबर.
यल्लाप्पा भरमा मुचंडिकर.

डी पहिली.

मामा म्हणायचा, वेलांटी म्हणजे दाराची कडी.
बाजू चुकली की माणूस आत अडकतो.
पोरानं मान खाली घातली होती, बोटांना खडू,
आणि मला ते बोलणं आत्ता आठवायला नको होतं.

बोटानं वेलांटी पुसली. त्याच्याकडून खडू घेतला.
फळा रात्रभर दवात भिजलेला,
खडू नुसता घसरत राहिला,
उमटेचना.
"आजोबा शेकोटीजवळ धरायचे फळा,"
पोरगं हळूच म्हणालं. "मला उचलला नाही."

गल्लीतून भैरूची हाक आली.
आम्ही दोघांनी फळा खाली घेतला,
जाळाशी धरला.
वाफ निघाली.
मधलं एक अक्षर तेवढं
कडीवाचून, उघडं.
"आलो," मी ओरडलो, "आलो, जरा थांबा."