शेऱ्याचा रकाना

टार्टूच्या पायपुलावर, ऑक्टोबरात,
उर्वेनं दगडी खांबाला एक हातमोजा चढवला,
माणसाच्या उंचीचा, तांबडा नि पांढरा,
मनगटापाशी आठ टोकांच्या चांदण्या.
अंगठा मात्र मुद्दाम अर्धवट ठेवला:
चार सुया अडकवलेल्या, खाली लोकरीचा गुंडा,
आणि पाटी: ‘एक ओळ विणा. पुढे चला.’

नगरपालिकेला आकडा हवा होता.
विणकामाची शाळा काढावी, तर येणार कोण?
राइवोसाहेबांनी मला तक्ता दिला:
गेले. थांबले. फोटो काढला. हात लावला. विणलं.
कडेला एक अरुंद रकाना, शेरा.
वेळ नऊ ते पाच. मजुरी ताशी.
मी समोरच्या बाकावर थर्मास मांडीत धरून
पाच-पाच रेघांच्या जुड्या बांधत बसलो.

पहिल्या दिवशी गेले सहाशे चौदा.
थांबले चाळीस. फोटो अडतीस.
एका कुत्र्यानं जे केलं ते कुठे लिहावं कळेना.
विणलं: दोन. त्यातली एक उर्वेची बहीण.

चौथ्या दिवशी पोरांनी सुया उपसल्या,
तलवारी खेळत खेळत पार झाली पलीकडे.
टाके उघडे पडले, वाऱ्यानं घसरत गेले
खाली, आणखी खाली.
मी ‘विणलं’खाली शून्य मांडलं
आणि घरी जाऊन बटाटे उकडले.

सकाळी पाहतो, तर प्रत्येक टाका उचललेला,
जिथून निसटला त्याच वाटेनं वर आणलेला,
आणि सुयांच्या जागी जुनिपरच्या चार काड्या,
चाकूनं तासलेल्या, पॉलिश पेपर मारलेल्या.
नाकाशी नेल्या. वास ताजा होता.
हे रात्री झालं होतं.
तक्त्याला रात्र नव्हती.

मग अंगठा वाढायला लागला.
तांबडी लोकर संपली, कुणी राखाडी आणली,
कुणी बाहीवरच्या उसवलेल्या स्वेटरचा हिरवा धागा.
बर्फगाडी चालवणारा एंडेल रोज यायचा,
जाड बोटं, जीभ दातांत धरलेली.
म्हणाला, “आईनं सुलट शिकवलं.
उलट शिकायच्या आधी गेली ती.”
उर्वे म्हणाली, “गोल विणताना उलट लागतच नाही.”
तो बराच वेळ नदीकडे बघत राहिला.
थांबले: एक.

वीत झाली, हात झाला,
अंगठा कठड्यावरून वाकून
एमायोगीच्या पाण्याकडे निघाला.
राइवोसाहेब पाहायला आले. “ही काय सोंड?”
“अंगठाच आहे,” उर्वे म्हणाली.
“चालू ठेवणं सगळ्यांच्या हाताला आठवतंय.
टाके कमी करत आणून बंद करणं
एकालाही येत नाही.
तुम्ही विचारलं होतं ना, शाळा कशाला?”

साहेबांनी चष्मा पुसला.
मला आकडा मागितला. तीनशे सात.
“थोडा आहे,” ते म्हणाले.
ज्याला सही येत नाही तो अंगठा उठवतो.
या गावानं उठवला होता,
दीड मीटर लांब, पाच रंगांचा,
आता आणखी पुरावा काय द्यायचा,
हे मी मनात म्हणालो. मजुरी ताशी होती.

शेवटच्या दिवशी पाचाच्या ठोक्याला
मी तक्ता मिटला, पेन्सिल खिशात घातली.
पुलावर कुणी नव्हतं. बर्फ भुरभुरू लागला होता.
पंधरा दिवस बघून बघून
हात नुसतेच शहाणे झाले होते.
पहिला टाका चुकला. दुसरा फार घट्ट बसला.
ओळ पुरी व्हायला पाऊण तास लागला,
तोवर बोटं माझी राहिली नव्हती.

तीनशे आठवी ओळ अहवालात नाही.
शेऱ्याच्या रकान्यात इतकंच लिहिलं:
मोजणाराही थांबला.
अंगठा अजून उघडा आहे.